दुसऱ्याच्या हातून दिलेलें मत

वारणा नदीच्या कांठीं, पन्हाळा तालुक्यांत, वारणानगर वसलेलें आहे. स्वातंत्र्यानंतर तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानें येथें सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्या भोंवतीं ही वसाहत वाढत गेली. सहकाराच्या या मुलखांत मत देणें ही कांहीं पांच वर्षांतून एकदां घडणारी गोष्ट नव्हे. गांवची सोसायटी, दूध संस्था, कारखाना, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा अशा नाना निवडणुकांत येथील शेतकरी मत देत आलेला आहे. परंतु देशांतील सर्वांत मानाच्या पदाकरितां, म्हणजे राष्ट्रपतिपदाकरितां, त्यानें आजवर एकदांही मत दिलेलें नाहीं. कारण तो अधिकार राज्यघटनेनें त्याला दिलेलाच नाहीं. तें मत त्याच्या वतीनें दुसरा देतो.

अशा रीतीला अप्रत्यक्ष निवडणूक म्हणतात, आणि ज्या मधल्या मंडळीच्या हातीं अखेरचें मत असतें त्या मंडळीला निर्वाचक मंडळ असें नांव आहे. वारणेकांठच्या माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं. कारखान्याचे सभासद संचालक निवडतात. अध्यक्ष कोण हें मात्र संचालक ठरवितात. ज्यांना एकत्र बसून काम करावयाचें, त्यांनींच आपला प्रमुख निवडावा यांत सोय आहे, हें सर्वांना पटतें. त्यांत धोका आहे, हेंही सर्वांना ठाऊक असतें. हजारों सभासदांचें मन वळविणें कठीण; मूठभर संचालकांचें मन वळविणें तितकें कठीण नाहीं. ही सोय आणि हा धोका, या दोहोंमध्यें निर्वाचक मंडळाची सारी कथा सामावलेली आहे. बाकीचा इतिहास म्हणजे त्यांचाच विस्तार होय.

महाराष्ट्राला या रीतीची ओळख इंग्रजी अमदानींत झाली. १८९२ सालच्या कायद्यानें कायदे कौन्सिलांत लोकपक्षाचे कांहीं सभासद येऊं लागले. पण ‘निवडणूक’ हा शब्द सरकारनें त्या कायद्यांत येऊं दिला नाहीं. नगरपालिका, लोकल बोर्डें, विद्यापीठ अशा संस्थांनीं नांवें सुचवावीं आणि सरकारनें तीं मान्य करावीं, असा तो प्रकार होता. याच वाटेनें बाळ गंगाधर टिळक १८९५ सालीं मुंबई इलाख्याच्या मध्य भागांतील लोकल बोर्डांच्या मतांवर मुंबई कौन्सिलांत गेले. ज्या शेतकऱ्यांचीं गाऱ्हाणीं ते ‘केसरी’ पत्रांत मांडीत, त्यांपैकीं कोणालाही शेतकरी म्हणून त्यांना थेट मत देतां आलें नव्हतें. गोपाळ कृष्ण गोखले यांची वाट तर याहूनही लांबची होती. ते आधीं मुंबई कौन्सिलाचे सभासद झाले, आणि पुढें १९०१ सालीं त्या कौन्सिलांतील बिनसरकारी सभासदांनीं त्यांना व्हाइसरॉयच्या कौन्सिलावर निवडून दिलें. गोखल्यांचीं अंदाजपत्रकावरील भाषणें सबंध देशांत वाचलीं गेलीं; परंतु तीं करणाऱ्या पुरुषाला निवडणारीं माणसें एका दिवाणखान्यांत मावतील इतकींच होतीं.

परकी सरकारचा हेतु येथें उघड आहे. लोकांचा आवाज ऐकावयाचा, पण तो गाळून ऐकावयाचा. चाळणी जितकी बारीक, तितका आवाज सौम्य, असा तो हिशेब. तो हिशेब टिळक-गोखल्यांच्या बाबतींत चुकला, ही गोष्ट निराळी. चाळणीनें गाळलेलें सारेंच मिळमिळीत असतें असें नाहीं, एवढें त्यावरून सिद्ध झालें. १९१९ च्या सुधारणांनीं थेट मतदान आलें. पण तें मालमत्ता, सारा आणि शिक्षण यांच्या कुंपणांत राहिलें. सामान्य माणूस कुंपणाबाहेरच होता.

स्वतंत्र हिंदुस्थानची राज्यघटना तयार करणारी घटना समितिही अशाच दुहेरी निवडणुकींतून जन्मास आली, ही गोष्ट फारशी लक्षांत ठेवली जात नाहीं. १९४६ सालीं मर्यादित मताधिकारावर प्रांतिक विधिमंडळें निवडलीं गेलीं, आणि त्या विधिमंडळांनीं सुमारें दहा लाख लोकसंख्येस एक या प्रमाणांत घटना समितीचे सभासद निवडले. डॉ. भीमराव आंबेडकर यांची कथा या रीतीचे गुण आणि दोष एकाच वेळीं दाखविते. मुंबईच्या विधिमंडळांत त्यांच्या पक्षाचें बळ नव्हतें. त्यामुळें आपल्या प्रांतांतून समितींत जाण्याचा मार्ग त्यांना बंद होता. तेव्हां जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्यानें ते बंगालच्या विधिमंडळांतून निवडून आले. पुढें फाळणी झाली आणि ती जागा त्यांच्या हातून गेली. त्या सुमारास, ३० जून १९४७ रोजीं, राजेंद्रप्रसाद यांनीं मुंबईचे मुख्य मंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून आंबेडकरांना निवडून पाठविण्याविषयीं कळविलें. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनीं सोडलेल्या जागेवर जुलै महिन्यांत मुंबईनें त्यांना निवडलें. वर्षापूर्वीं ज्या सभागृहाचें दार बंद होतें, तेंच दार एका पत्रानें उघडलें. निर्वाचक मंडळाचा स्वभाव येथें दिसतो. तें वरून आलेल्या शब्दानें वळतें. या वेळीं तो शब्द योग्य होता, म्हणून देशाला घटनेचा शिल्पकार लाभला. तो दर वेळीं योग्यच असेल याची हमी कोणी द्यावी?

हाच प्रश्न घटना समितीपुढें राष्ट्रपतीच्या निवडणुकीच्या वेळीं उभा राहिला. मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रोफेसर के. टी. शहा यांचें म्हणणें असें कीं, देशाच्या प्रमुखाची निवड सर्व प्रौढ नागरिकांनीं थेट करावी. पं. जवाहरलाल नेहरू यांनीं जुलै १९४७ मध्यें याला उत्तर देऊन ठेवलेंच होतें. राज्यकारभार मंत्रिमंडळानें करावयाचा आहे. राष्ट्रपतीच्या हातीं खरी सत्ता द्यावयाची नाहीं. मग कोट्यवधि लोकांच्या मतांवर त्याला निवडणें म्हणजे पद पोकळ ठेवून निवडणूक मात्र प्रचंड करणें होय. शिवाय, सबंध देशाचें थेट मत ज्याच्या पाठीशीं आहे, असा राष्ट्रपति उद्यां पंतप्रधानाला म्हणूं शकेल कीं, ‘लोकांनीं मलाही निवडलें आहे.’ एका म्यानांत दोन तलवारी नकोत, हा या रीतीचा पहिला हेतु. डिसेंबर १९४८ मध्यें शहांच्या सूचनेला उत्तर देतांना आंबेडकरांनींही हेंच सांगितलें, आणि मतदारांची अफाट संख्या व तेवढ्या मोठ्या निवडणुकीस पुरेल असें मनुष्यबळ नसणें या अडचणीही पुढें मांडल्या.

मग एकट्या संसदेनेंच राष्ट्रपति कां निवडूं नये? याचेंही उत्तर दिलें गेलें. संसदेंत ज्या पक्षाचें बहुमत, त्याचाच पंतप्रधान आणि त्याचाच राष्ट्रपति, असें होऊं नये. आणि हें राज्य अनेक घटक राज्यांचा संघ असल्यामुळें त्या राज्यांचा शब्दही या निवडींत असावा. म्हणून संसदेचे निवडून आलेले सभासद आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सभासद मिळून निर्वाचक मंडळ ठरलें. नामनियुक्त सभासदांना यांत मत नाहीं, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांतील विधान परिषदेच्या सभासदांनाही नाहीं. दैवगति अशी कीं, १९५२ सालच्या पहिल्या राष्ट्रपति-निवडणुकींत याच के. टी. शहांनीं राजेंद्रप्रसादांविरुद्ध उमेदवारी केली. ज्या रीतीस त्यांनीं विरोध केला होता तिनेंच मतें मोजलीं गेलीं. राजेंद्रप्रसादांना ५,०७,४०० मतें पडलीं आणि शहांना ९२,८२७.

मतदार चार-पांच हजार आणि मतें लाखांनीं, हें कोडें सोडविणें कठीण नाहीं. राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निवडून आलेल्या सभासदांच्या संख्येनें भागावयाचें, आणि आलेल्या भागाकाराला पुन्हां एक हजारानें भागावयाचें; जो आंकडा येईल तें त्या राज्यांतील एका आमदाराच्या मताचें मूल्य. महाराष्ट्राची १९७१ च्या खानेसुमारीची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ आणि आमदार २८८. त्यावरून प्रत्येकाच्या मताचें मूल्य १७५ येतें. उत्तर प्रदेशांत तें २०८ आहे, सिक्कीममध्यें अवघें ७. कोल्हापूर जिल्ह्यांत विधानसभेच्या दहा जागा आहेत. म्हणजे या जिल्ह्याच्या आमदारांच्या हातीं एकूण १,७५० मतें येतात. सर्व राज्यांच्या आमदारांच्या मतांची बेरीज करून तिला संसदेच्या निवडून आलेल्या सभासदांच्या संख्येनें भागलें कीं एका खासदाराच्या मताचें मूल्य निघतें. २०२२ सालीं तें ७०० होतें. अशा रीतीनें राज्यांचें पारडें आणि संसदेचें पारडें जवळजवळ समान राहतें. हा या योजनेचा दुसरा हेतु, आणि तो सुंदर आहे.

परंतु त्याच हिशेबांत एक व्यंग राहून गेलेलें आहे. वरची लोकसंख्या १९७१ ची आहे. ज्या राज्यांनीं कुटुंब नियोजन मनावर घेतलें त्यांचें वजन घटूं नये म्हणून १९७६ च्या घटनादुरुस्तीनें तो आंकडा गोठविला, आणि नंतरच्या दुरुस्तीनें ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या खानेसुमारीपर्यंत वाढविली. हेतु न्याय्य होता. पण त्याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. १९७१ च्या मापानें महाराष्ट्राच्या आमदाराचें मत १७५ आणि तमिळनाडूच्या आमदाराचें १७६, म्हणजे जवळजवळ सारखें. २०११ ची लोकसंख्या धरली तर महाराष्ट्राचें ३९० होतें आणि तमिळनाडूचें ३०८. एका तराजूंत जुनीं वजनें ठेवावीं तर आजचा माणूस कमी भरतो. नवीं ठेवावीं तर संयम पाळणाऱ्याला दंड होतो. निर्वाचक मंडळांतील अन्याय बहुधा असा मुकाट्यानें, गणिताच्या पोटांतून येतो. तो करणाराही कोणी नसतो आणि ओरडणाराही कोणी नसतो.

या रीतीची खरी परीक्षा १९६९ सालीं झाली, आणि त्या परीक्षेंत एक मराठी नांव मध्यभागीं होतें. ३ मे १९६९ रोजीं राष्ट्रपति डॉ. झाकिर हुसेन यांचें निधन झालें. काँग्रेसनें नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली, व्ही. व्ही. गिरि स्वतंत्रपणें उभे राहिले. आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनीं चिंतामणराव देशमुख यांना पाठिंबा दिला. कुलाबा जिल्ह्यांत, रायगडाच्या परिसरांत जन्मलेले देशमुख १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले होते. पुढें ते केंद्राचे अर्थमंत्री झाले, आणि १९५६ सालीं मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनीं तें पद सोडलें होतें. मतदानाच्या आधीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं सदसद्विवेकबुद्धीनुसार मत देण्यास सांगितलें. मतदान गुप्त असल्यामुळें कोणत्याही पक्षाला आपल्या माणसांचे हात धरतां येईनात.

१६ ऑगस्टला मतदान झालें आणि २० ऑगस्टला मोजणी. गिरींना पहिल्या पसंतीचीं ४,०१,५१५ मतें मिळालीं, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. निवडून येण्यास ४,१८,१६९ मतें लागत होतीं; तेवढीं कोणालाच नव्हतीं. या निवडणुकींत मतदार नांवांपुढें एक, दोन, तीन असे पसंतीचे आंकडे लिहितो. सर्वांत मागें असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणें वांटल्या जातात. लहानसहान उमेदवार बाद झाले, आणि शेवटीं देशमुखांच्या मतपत्रिका उघडण्याची वेळ आली. त्यांवरील दुसरी पसंती बहुतेक रेड्डींची होती. रेड्डी सव्वातीन लाखांच्या आंतून ४,०५,४२७ वर चढले. परंतु गिरि ४,२०,०७७ पर्यंत पोंचले आणि विजयी झाले. लागणाऱ्या संख्येहून त्यांना अवघीं १,९०८ मतें अधिक होतीं. आजच्या महाराष्ट्राच्या मापानें हीं अकरा आमदारांचीं मतें झालीं. त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेस दुभंगली.

त्या दिवसानें निर्वाचक मंडळाच्या दोन्ही बाजू एकदम दाखविल्या. पसंतीचे आंकडे नसते तर ज्याच्या पाठीशीं निम्मीं मतेंही नाहींत असा पुरुष राष्ट्रपति झाला असता. ती आपत्ति टळली, हा गुण. गुप्त मतदानामुळें आमदार-खासदारांना पक्षाच्या धाकाबाहेर पडतां आलें, हाही एका अर्थानें गुणच. पुढें २००७ सालीं जळगांवच्या प्रतिभाताई पाटील यांना, त्या महाराष्ट्राच्या म्हणून, विरोधी आघाडींत असलेल्या शिवसेनेनें मतें दिलीं. परंतु त्याच गुप्ततेची दुसरी कड धारदार आहे. वारणेकांठच्या मतदारानें ज्याला विधानसभेंत पाठविलें, त्यानें आपल्या हातांतील १७५ मतें कोणाच्या पारड्यांत टाकलीं, हें जाणण्याचा मार्ग मतदाराला नाहीं. राज्यसभेच्या निवडणुकींत २००३ पासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. राष्ट्रपतीच्या निवडणुकींत ती झांकलेलीच राहते. उघडें मत पक्षाला गुलाम, झांकलेलें मत मतदाराला बेजबाबदार; या दोहोंतून सुटका अद्याप कोणाला सांपडलेली नाहीं. शिवाय १९९७ पासून राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारास निर्वाचक मंडळांतील पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक लागतात. हौशी उमेदवारांची गर्दी त्यानें थांबली, हें खरें. पण पक्षांच्या आश्रयावांचून या दारांत पाऊल टाकणेंही त्यानें जवळजवळ अशक्य झालें.

मंडळ जितकें लहान तितका धोका मोठा, हें शेजारच्या राज्यांत अधिक उघडपणें दिसून आलें. पाकिस्तानांत अयूबखान यांनीं ऐंशीं हजार स्थानिक प्रतिनिधींचें निर्वाचक मंडळ केलें, आणि जानेवारी १९६५ मध्यें फातिमा जिना यांच्याविरुद्ध त्याच मंडळाकडून ते निवडून आले. कोट्यवधि लोकांना भय अथवा लोभ दाखविणें सरकारलाही जड जातें. गांवोगांवच्या ऐंशीं हजार माणसांना हाताळणें त्या मानानें सोपें. दूर जाण्याचेंही कारण नाहीं. महाराष्ट्राच्या विधान परिषदेचा कोल्हापूर स्थानिक प्राधिकारी मतदारसंघ म्हणून एक मतदारसंघ आहे. जिल्हा परिषद, महानगरपालिका, नगरपालिका यांचे सुमारें चारशें सभासद त्याचे मतदार असतात. २०२१ सालीं तेथील निवडणूक बिनविरोध झाली, म्हणजे त्या चारशेंनाही मत देण्याचा प्रसंग आला नाहीं. अशा मतदारसंघांत निवडणूक झालीच, तर मतदारांना सहलीस नेऊन एकत्र ठेवण्याची चाल महाराष्ट्रभर परिचयाची आहे. ज्यांच्यावर लाखों लोकांनीं विश्वास टाकला त्यांच्यावर त्यांच्याच नेत्यांचा विश्वास नसावा, याहून अधिक बोलकी टीका या रीतीवर कोणी करूं शकणार नाहीं.

निर्वाचक मंडळाचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचें. १७८७ सालीं फिलाडेल्फियांत जमलेल्या पुढाऱ्यांपुढें लांबलचक देश, मंद टपाल आणि लहान-मोठ्या राज्यांची स्पर्धा हे प्रश्न होतेच. पण आणखी एक कमी सांगितलें जाणारें कारण होतें. दक्षिणेकडील राज्यांतील गुलामांना मत नव्हतें. तथापि प्रतिनिधींची संख्या ठरवितांना त्यांची गणना तीन पंचमांश धरली जाई. थेट मतदान झालें असतें तर तें वजन त्या राज्यांना मिळालें नसतें. निर्वाचक मंडळांत तें आपोआप मिळालें. आज तेथें ५३८ निर्वाचक आहेत आणि २७० मतें मिळवील तो अध्यक्ष. १८७६, १८८८, २००० आणि २०१६ या वर्षीं लोकांचीं अधिक मतें मिळविणारा उमेदवार हरला आणि कमी मतांचा जिंकला. २०१६ सालीं हा फरक अठ्ठावीस लाखांहून अधिक होता. गुलामगिरी गेली, टपालाची जागा तारेनें आणि तारेची रेडिओनें घेतली. चाळणी मात्र तशीच राहिली.

येथें दोन्ही देशांतील मुख्य भेद ध्यानांत येतो. अमेरिकेचा अध्यक्ष हा खरा राज्यकर्ता आहे. तेथें चाळणीनें उलटा निकाल दिला तर साऱ्या देशाचा कारभार लोकांनीं न निवडलेल्या हातीं जातो. भारताचा राष्ट्रपति मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें चालतो; येथें राज्यकर्ता निवडण्याचा अधिकार वारणेकांठच्या शेतकऱ्यानें लोकसभेच्या मतपेटींतून आधींच बजावलेला असतो. म्हणून नियम असा दिसतो कीं, पदाची सत्ता जितकी मोठी, तितकें मधल्या हातांचें अंतर कमी असावें. आणि जेथें मधले हात ठेवावयाचेच असतील, तेथें ते पुष्कळ असावेत, त्यांचीं वजनें खरीं असावींत. नेहरू-आंबेडकरांनीं स्वीकारलेली योजना पहिल्या कसोटीस उतरते, दुसऱ्या कसोटीस बऱ्याच अंशीं उतरते, आणि तिसरीच्या बाबतींत तिला पुन्हां एकदां तराजू तपासावा लागणार आहे.

राहतां राहिला तो मतदार. टिळकांच्या काळीं त्याला चाळणीबाहेर ठेवलें होतें. आज चाळणी विणणें त्याच्याच हातीं आहे. आमदार निवडतांना तो रस्ता, पाणी, ऊसाचा दर यांचा विचार करतो, आणि तो करावाच. परंतु त्याच माणसाच्या खिशांत आपण आणखी एक कोरी मतपत्रिका ठेवीत आहों, आणि ती तो कोणास न दाखवितां भरणार आहे, हेंही त्यानें त्या दिवशीं आठवावें. दुसऱ्याच्या हातून मत द्यावयाचें असेल, तर आधीं तो हात पारखून घ्यावा लागतो.